लेबलावर न छापलेला ट्रम्पेट

भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ साली आला आणि त्यातल्या गाण्यांच्या तबकड्या गावोगाव वाजल्या. यातली एखादी तबकडी आज हाती आली, तर लेबलावर चित्रपटाचे नाव, गाणाऱ्यांची नावे आणि संगीतकार सी. रामचंद्र एवढे वाचता येते. ट्रम्पेट कोणाचा, ते कुठेच नाही. चित्रपटात मात्र तो वादक डोळ्यांसमोर उभा आहे. आपल्या साथीदारांसह वाजवणारा हा माणूस म्हणजे गोव्यातल्या आल्दोना गावचा आंतोनियो शावियेर वाझ. मुंबईने त्याला 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखले आणि त्याच्या वाजवण्यावरून 'मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग' म्हटले. १९१६ ते १९६७ एवढे त्याचे आयुष्य. सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात त्याचा वाटा किती मोठा होता, हे आज जाणकार सांगतात. तबकडी विकत घेणाऱ्याला ते त्या काळी कोणी सांगितले नाही.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत जाझ आला तो असा, निनावी. परदेशी तबकडी विकत घेऊन ड्यूक एलिंग्टन ऐकणारी घरे मुंबईत काही असतील, पुण्यात थोडी असतील. पण मराठवाड्यातल्या वाड्यात, कर्ण्याच्या किंवा चावीच्या ग्रामोफोनवर, ट्रम्पेटची ती उंच जाणारी आरोळी आणि सॅक्सोफोनची लाडिक मुरड ऐकू आली ती हिंदी गाण्याच्या दोन कडव्यांच्या मधल्या जागेत. म्हणून आमच्या भागातल्या जाझच्या इतिहासाची साधने शोधायची, तर ती 'जाझ' असे लिहिलेल्या खोक्यात सापडणार नाहीत. ती घरोघरच्या जुन्या चित्रपटगीतांच्या चळतीत आहेत आणि ती चळत आज झपाट्याने भंगारात चालली आहे.

हा ट्रम्पेट तिथवर पोचला कसा, ते समजून घेणे गरजेचे आहे. १९३५ च्या हिवाळी हंगामात लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या हंगामात क्रिकेट स्मिथने सूत्रे घेतली. हा स्मिथ साधा असामी नव्हता. न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदाने १९१३-१४ मध्ये तबकड्या भरल्या, त्यांत तो होता. म्हणजे 'ओरिजिनल डिक्सीलँड जास बँड'ची १९१७ ची तबकडी, जी जाझची पहिली तबकडी मानली जाते, तिच्याही आधीचा हा माणूस. त्याच्या ताफ्याने १९३६ मध्ये मुंबईत 'ताज महाल' नावाचा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफर्डही शांघायमार्गे इकडे आला, मुंबई-कोलकात्यात रमला आणि १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने वारला. या मंडळींच्या शेजारी बसून वाजवायला आणि शिकायला गोव्याची मुले होती. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत असत. कागदावरचे संगीत बघताक्षणी वाजवणारे वादक त्या काळात मुंबईला मिळाले ते प्रामुख्याने तिथून.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलांच्या आणि क्लबांच्या संध्याकाळी सुकत गेल्या. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला या वादकांची ये-जा आधीही होती, आता तेच पोट भरण्याचे मुख्य साधन झाले. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशी किती नावे घ्यावीत! कुणी वाजवत होते, कुणी संपूर्ण वाद्यमेळ लिहून काढत होते. गोन्साल्विसांकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालांनी पुढे गुरूचे नाव एका गाण्यात अमर केले. देशभर ते नाव दुमदुमले, पण ते एका खऱ्याखुऱ्या वादकाचे आहे हे कितीजणांना ठाऊक होते?

आणि या वादकांना हाताशी धरणारा संगीतकार आमच्याच गोदाकाठचा होता. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, पुणतांबे. पैठणच्या वरच्या अंगाला, वैजापूरपासून फार दूर नसलेले हे गाव. तिथल्या मुलाने पुढे मराठी माणसाच्या कानाला लावणीची लय आणि स्विंगचा झोक एकाच घोटात पाजला. 'शहनाई', 'अलबेला', 'आशा' हे चित्रपट सलग ऐकावेत, म्हणजे दहा वर्षांत हा माणूस किती पुढे गेला ते कळते. त्यांच्या गोड चालींचे कौतुक मराठीत भरपूर झाले आहे. त्यांनी वाद्यांकडून काय करून घेतले, याची तेवढ्या बारकाईने चर्चा झालेली नाही, आणि ही मोठी उणीव आहे असे आम्हाला वाटते.

आमचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. मुंबईचा दारूबंदी कायदा इथे लागू नव्हता, पण इथे ताजमहाल हॉटेलही नव्हते. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाल्यापासून शहर दोन्हीकडे पाहत होते. दरबार आणि कचेऱ्यांसाठी हैदराबादकडे, व्यापार आणि करमणुकीसाठी मनमाडमार्गे मुंबईकडे. एक गोष्ट मात्र या शहराने अभिमानाने सांगावी अशी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांच्या हद्दीत रेडिओची पाच केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. म्हणजे देशातली कितीतरी मोठी शहरे मुकी असताना इथे रेडिओ बोलत होता.

पण रेडिओने हे संगीत जपले का? १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त. आकाशवाणीवर त्यांनी शास्त्रीय कलावंतांना जो मान मिळवून दिला, त्याचे ऋण नाकारता येणार नाही. पण चित्रपटगीतांना त्यांनी दार जवळजवळ लावून घेतले आणि त्या गाण्यांतला पाश्चात्त्य वाद्यमेळ हा त्यांच्या नापसंतीचा खास विषय होता. विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला. मधल्या वर्षांत ज्याला ही गाणी हवी होती त्याने रेडिओ सिलोन लावला किंवा तबकडी विकत घेतली. 'अलबेला' ते 'आशा' हा नेमका तोच काळ आहे. सरकारी रेडिओने ज्या संगीताकडे पाठ फिरवली, ते ग्राहकाने पदरच्या पैशाने घरात आणून ठेवले. त्या खरेदीचे ऐतिहासिक मोल अजून आपण ओळखलेले नाही.

खुद्द अमेरिकेत तरी जाझचा इतिहास कोणी वाचवला? कंपन्यांनी नाही, विद्यापीठांनी तर नाहीच. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गेबलर नावाचा तरुण वडिलांच्या दुकानात तबकड्या विकत होता. कंपन्यांनी छापणे बंद केलेल्या जुन्या जाझ तबकड्या त्याने पुन्हा काढून घ्यायला सुरुवात केली आणि लेबलावर प्रत्येक वादकाचे नाव छापले. ट्रम्पेटवर कोण, क्लॅरिनेटवर कोण, ड्रमवर कोण. तोवर लेबलावर बहुधा फक्त ताफ्याच्या म्होरक्याचे नाव असे. पॅरिसमध्ये शार्ल दलोने याने १९३६ मध्ये जाझ तबकड्यांची सूचीच पुस्तकरूपाने काढली. ही माहिती आली कुठून? चाहत्यांच्या बैठकांतून, पत्रांतून, एकच तबकडी वीस वेळा ऐकून घातलेल्या वादांतून. 'हा सूर अमक्याचा नाही, कारण अमका तेव्हा दुसऱ्या शहरात होता' असल्या भांडणांतून वादकांची चरित्रे उभी राहिली.

चाहत्यांच्या या वेडाला केवढे महत्त्व होते, ते १९४२ या एका वर्षावरून दिसते. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किडीचा तो स्राव, आणि जगाला तो मुख्यतः पुरवत होता आपला देश, विशेषतः छोटा नागपूरचा जंगलपट्टा. युद्धात लाखेची वाहतूक अडली. अमेरिकी सरकारने तिच्या वापरावर निर्बंध घातले आणि कंपन्या नव्या तबकडीसाठी जुन्या तबकड्या परत घेऊन दळू लागल्या. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि मोठ्या दोन कंपन्यांशी तो १९४४ पर्यंत चालला. नेमक्या त्याच काळात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हार्लेममधल्या रात्रींत बीबॉप घडवत होते. एका कलेचे बाळपण जवळजवळ मुद्रितच झाले नाही. पुढे १९४७-४८ मध्ये डीन बेनेडेटी नावाचा पार्करवेडा सॅक्सोफोनवादक मुद्रणयंत्र घेऊन क्लबांतून फिरला आणि फक्त पार्करचे वादन टिपत राहिला. ती मुद्रणे १९९० मध्ये लोकांसमोर आली. एका माणसाच्या वेडाने इतिहासातली मोठी पोकळी थोडी भरून निघाली.

आपल्याकडेही असे वेडे झाले. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत 'ब्लू ऱ्हिदम' नावाचे जाझला वाहिलेले नियतकालिक काढले. ते फार काळ चालले नाही. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक बंधने आली आणि परदेशी एलपी दुर्मीळ झाली. जहाजावर नोकरी करणारा नातेवाईक, परदेशातून परतणारा मित्र हेच पुरवठादार. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर रोज रात्री जाझ ऐकवू लागला. परदेशी श्रोत्याला कळावे म्हणून तो शब्द सावकाश, सुटे सुटे उच्चारत असे. लघुलहरींच्या खरखरीत कान देऊन ऐकणाऱ्यांची एक पिढी त्याच्यावर वाढली. याच झवेरींच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत 'जाझ यात्रा' भरली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा तिथे वाजवून गेला. त्याआधी दहा वर्षे हाच रोलिन्स पवईच्या आश्रमात साधनेसाठी येऊन राहिला होता.

दुसऱ्या बाजूला, हिंदी-मराठी तबकड्यांच्या संग्राहकांनी १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी चिटणीस म्हणून तिची धुरा वाहिली. 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचे नियतकालिक. पुणे, सोलापूर, अमरावती आणि आमच्या मराठवाड्यात नांदेड इथे तिच्या शाखा झाल्या. वडाळ्याच्या कारखान्यात १९३५ ते १९५५ या काळात निघालेल्या 'यंग इंडिया' लेबलच्या तबकड्या या मंडळींनी संग्राहकांकडून शोधून, ऐकून, संगणकावर उतरवल्या. त्या कामाला ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून साहाय्य मिळाले. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, चोरबाजारातल्या ढिगाऱ्यात गुडघे टेकून केलेले हे काम आहे. आमच्या मते कोणत्याही विद्यापीठीय प्रबंधाच्या तोडीचे.

खंत एकच, आणि ती स्पष्ट बोलली पाहिजे. हे दोन्ही गट एकमेकांना फारसे भेटले नाहीत. जाझवाल्याला हवी होती ब्लू नोट किंवा कोलंबियाची परदेशी एलपी. चित्रपटगीतातला ट्रम्पेट त्याला पोटासाठी केलेली हलकी कामगिरी वाटला. गाण्यांच्या संग्राहकाला हवा होता गायकाचा गळा आणि संगीतकाराची चाल. कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे त्याने आवडीने ऐकले, पण वाजवणाऱ्याचे नाव विचारले नाही. चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार या दोघांच्या मधल्या बोळात उभे राहिले. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाने स्टुडिओतल्या वादकांना गाठून मुलाखती घेतल्या, त्याचे पुस्तक आले २००८ मध्ये. नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' २०१२ चे. त्यांनी पुस्तकासोबत जुन्या मुद्रणांची सीडीही दिली, हे फार योग्य केले. तोवर त्या पिढीतले कितीतरी वादक विचारणाऱ्याची वाट न बघता गेले होते.

हे दोन गट एका खोलीत बसले तर काय होते, त्याचा विचार करावा. संग्राहक तबकडी हातात घेतो. लेबल आणि खाचा यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तो भिंगाखाली वाचतो. एकाच गाण्याच्या दोन प्रतींवर हा क्रमांक वेगळा असला, तर मुद्रण वेगळ्या वेळचे असू शकते. लेबलाचा रंग, कंपनीचा पत्ता यांवरून तो छपाईचा काळ सांगतो. चित्रपटातले गाणे आणि तबकडीवरचे गाणे पुष्कळदा सारखे नसते हेही तो जाणतो, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. त्यासाठी कात्री लागे ती बऱ्याच वेळा वाद्यांच्या तुकड्यांना. जाझवाला या सगळ्यात आपला कान आणतो. ट्रम्पेटला म्यूट लावला आहे का, सूर खालून ओढून वर नेण्याची लकब कोणाची, हा तुकडा लिहिलेला आहे की तिथल्या तिथे सुचलेला. पहिल्याकडे पुरावा आहे, दुसऱ्याकडे ओळख. एकट्याने कोणालाच नाव सापडणार नाही.

तबकड्यांच्या देवघेवीची जुनी रीतही इथे उपयोगाची आहे. खऱ्या संग्राहकांत विक्रीपेक्षा अदलाबदल जास्त चाले. तुझ्याकडे दोन प्रती, माझ्याकडे एकही नाही, मग माझ्याकडची दुसरी कोणती घे. स्पूल टेप आणि पुढे कॅसेट आली तेव्हा तर वस्तू न देताच तिच्यातला आवाज देता येऊ लागला. त्या देवाणीबरोबर माहिती फिरे. आता जुन्या तबकडीला पुन्हा भाव आला आहे. शहरांतले तरुण एलपी घेतात आणि ऐकतातही, ही आनंदाची गोष्ट. पण भाव वाढला की तोंडे मिटतात. आपल्याकडे काय आहे ते लपवून ठेवणारा संग्राहक तबकडी टिकवतो आणि तिची गोष्ट मारतो. आमचा त्याला विरोध आहे. मुंबईत काळा घोड्याचे १९४८ पासूनचे 'ऱ्हिदम हाउस' हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. तपोवन एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन तिथे तासन्‌तास उभे राहणाऱ्या रसिकांना भेटण्याची, बोलण्याची एक जागा त्याबरोबर गेली. मोबाइलवर आज ती सगळी गाणी मिळतात. तिथेही वादकाच्या नावाची जागा बहुधा रिकामीच असते.

तेव्हा छत्रपती संभाजीनगरने काय करावे? मार्शल स्टर्न्स हा इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक. त्याने घरच्या जाझ संग्रहातून १९५२ मध्ये एक संस्था उभी केली आणि १९६६ मध्ये ती रटगर्स विद्यापीठाकडे सोपवली. आज जगभरचे अभ्यासक तिथे जातात. आपल्या देशातही कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने खासगी संग्राहकांकडचे शास्त्रीय संगीत संगणकावर उतरवून घेतले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून या शहरात आहे. उत्खननात सापडलेल्या वस्तूंसाठी तिथे वस्तुसंग्रहालय आहे. त्याच विद्यापीठाने मराठवाड्यातल्या घरांतल्या तबकड्यांसाठी एक खोली, दोन चांगली यंत्रे आणि एक जाणता माणूस द्यावा. खर्च मोठा नाही. कायद्याची अडचणही समजते तेवढी नाही. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९५० च्या दशकातल्या तबकड्यांच्या बाबतीत तो केव्हाच संपला. शब्द आणि चाल यांच्या हक्कांचा हिशेब वेगळा आहे, तो विद्यापीठाने जाणकारांकडून नीट करून घ्यावा. पण जतन आणि अभ्यासासाठी थांबायचे कारण नाही.

खोली मिळेपर्यंतही वाट बघू नये. नांदेडमध्ये संग्राहकांची शाखा उभी राहू शकते, तर इथे महिन्यातून एक बैठक सहज होईल. जुन्या गाण्यांचे जाणकार या शहरात आहेत, गिटार आणि सॅक्सोफोन शिकणारी मुलेही आहेत. त्यांना एकत्र बसवावे. एका बैठकीला दोन-तीनच तबकड्या लावाव्यात, पण प्रत्येकीची नोंद पूर्ण व्हावी: लेबल, क्रमांक, मॅट्रिक्स, कोणाच्या घरून आली, कुठे विकत घेतली होती, आणि वादक कोण. शेवटच्या रकान्यात नाव ठामपणे लिहिता येत नसेल तर कोणाला कोणाचे वाटले आणि का, हे दोन्ही लिहावे. गोव्यात या वादकांची मुले-नातवंडे आहेत, त्यांच्याकडे फोटो आणि हाताने लिहिलेले कागद असतात. नोंद तयार असेल तर त्यांना नेमका प्रश्न विचारता येईल.

आणि ज्यांच्या माळ्यावर, दिवाणात, आजोबांच्या पेटीत अशा तबकड्या आहेत, त्यांना एवढीच विनंती. जाफर गेटच्या बाजारात किलोवर देण्याआधी कोणातरी जाणकाराला दाखवा. त्या आडव्या रचून ठेवू नका, वजनाने खालच्या तडकतात. उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसा आणि लेबलाला पाणी लागू देऊ नका. स्पिरिट अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते. कोपरा उडालेली, चरा गेलेली तबकडीही टाकू नका, तिचा बराच भाग वाजतो आणि मॅट्रिक्स क्रमांक बहुधा शाबूत असतो.